बसल्या जागी नव्वद मिनिटांचा सामना

रॉक बँडच्या कार्यक्रमात लोकांची नजर गायकावर खिळलेली असते, फार तर गिटारवाल्याकडे जाते. ड्रमर बसतो सगळ्यांत मागे, झांजांच्या आड. तो स्टुलावर बसून वाजवतो, त्यामुळे त्याच्या कामाला कोणी कष्ट म्हणत नाही. हे कष्ट किती असतात, ते मोजून दाखवण्यासाठी ज्याने आपले शरीर वर्षानुवर्षे शास्त्रज्ञांच्या हवाली केले, तो ड्रमर म्हणजे 'ब्लाँडी' या अमेरिकी बँडचा क्लेम बर्क.

बर्कचा जन्म न्यू जर्सीतल्या बेयॉन गावचा. बँडसाठी ड्रमर हवा असल्याची जाहिरात वाचून १९७५ मध्ये तो ब्लाँडीत आला आणि पुढची पन्नास वर्षे तेच त्याचे घर राहिले. १९८२ मध्ये बँड फुटला, तेव्हा त्याने इतरांसाठी वाजवले. १९८७ मध्ये तर 'रमोन्स' या अतिवेगवान बँडबरोबर दोनच कार्यक्रमांपुरता तो 'एल्व्हिस रमोन' झाला होता. १९९७ मध्ये ब्लाँडी पुन्हा एकत्र आला आणि १९९९ मध्ये त्यांचे गाणे ब्रिटनमध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर पोहोचले. तेव्हा बर्क चाळिशीच्या मध्यावर होता. त्याच्या वाजवण्याची धाटणी मात्र विशीतल्या पोराची होती. 'द हू'चा कीथ मून हा त्याचा आदर्श. हात राखून वाजवणे त्याला ठाऊकच नव्हते.

इंग्लंडमधले दोन क्रीडाशास्त्रज्ञ, चिचेस्टर विद्यापीठाचे मार्कस स्मिथ आणि ग्लॉस्टरशायर विद्यापीठाचे स्टीव्ह ड्रेपर, यांना नेमका असाच माणूस हवा होता. त्यांनी बर्कच्या छातीला नाडीमापक पट्टा बांधला आणि प्रत्यक्ष कार्यक्रमांत त्याच्या हृदयाचे ठोके नोंदवले. वाजवण्याआधी आणि नंतर रक्तातले लॅक्टिक आम्लही तपासले. २००८ मध्ये त्यांनी आकडे जाहीर केले. सुमारे ९० मिनिटांच्या कार्यक्रमात ठोके सरासरी मिनिटाला १४० ते १५० होते आणि कमाल १९० पर्यंत जात होते. तासाला ४०० ते ६०० कॅलरी खर्च होत होत्या. अव्वल दर्जाच्या फुटबॉलपटूची नाडी सामन्यात साधारण याच टप्प्यात धावते. फरक असा की फुटबॉलपटू आठवड्यात एखाद-दुसरा सामना खेळतो आणि त्याच्यामागे मालिशवाला, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट अशी फौज असते. दौऱ्यावरचा ड्रमर आज एका शहरात, उद्या दुसऱ्या, असे वर्षाला शंभरएक कार्यक्रम करतो. जेवण मिळेल ते आणि झोप बसमध्ये.

इथे थोडे सबुरीने घ्यायला हवे, कारण अशा तुलनेचे मथळे फार लवकर होतात. नाडी जलद चालते आहे म्हणजे शरीर तेवढाच प्राणवायू वापरते आहे, असे नव्हे. पायांच्या मोठ्या स्नायूंपेक्षा हातांच्या लहान स्नायूंनी तेवढेच काम केले, तर हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात आणि रक्तदाबही अधिक चढतो. त्यात मंचावरच्या दिव्यांची धग आणि हजारो लोकांसमोर उभे राहण्याची धडधड. म्हणजे १९० हा आकडा निव्वळ श्रमाचा नव्हे. पण हृदयाला कारण कळत नाही, त्याला पंप मारावाच लागतो. म्हणून रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्याने हौसेने ड्रम शिकायला घेताना, जिम सुरू करताना घेतो तेवढी काळजी घ्यावी.

यातला खरा अवघड भाग मात्र स्नायूंचा नाही. उजवा हात झांजेवर एक लय धरतो, डावा मधल्या ड्रमवर दुसरी. उजवा पाय पेडलने मोठा ड्रम ठोकतो, डावा पाय जोडझांजेची उघडझाप करतो. चौघांचे वेळापत्रक वेगळे आणि मालक एक. जर्मनीतल्या बोखुम येथील संशोधकांनी २०१९ मध्ये वर्षानुवर्षे वाजवणाऱ्या व्यावसायिक ड्रमरांचे मेंदू एमआरआयने तपासले. मेंदूच्या डाव्या-उजव्या अर्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या पट्ट्याचा पुढचा भाग त्यांच्यात वेगळा दिसला. तिथे तंतू संख्येने कमी, पण जाड असल्याची चिन्हे होती. जाड तंतूतून संदेश वेगाने जातो.

किंमतही मोजावी लागते. मनगट, खांदा आणि कंबर ही ड्रमरची दुखरी ठिकाणे. कानांचे तर विचारूच नका. ८५ डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसू शकतो असे धरले, तर दर तीन डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटे. आपल्याकडे गणपतीआधी नदीकाठी सराव करणाऱ्या ढोल-ताशा पथकांतल्या मुलामुलींनी हे गणित जरूर करून पाहावे. कमरेला ढोल बांधून उभ्याने तासन्‌तास वाजवायचे, म्हणजे पाठीवरचा भार वेगळाच. कानात साधे बोळे, वाजवण्याआधी खांदे-मनगटे मोकळी करणे आणि अधूनमधून पाणी, याला खर्च जवळजवळ नाही. तरी बोळे घातलेला वादक विरळाच दिसतो.

बर्कच्या नावाने सुरू झालेला हा प्रकल्प पुढे रॉक संगीताबाहेर गेला. खेळाच्या मैदानाकडे न फिरकणारी मुले ड्रमसमोर मात्र आपणहून घाम गाळतात, हे संशोधकांच्या लक्षात आले. मग स्वमग्न मुलांकडे ते वळले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६ ते २० वयाच्या स्वमग्न मुलांना आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा ४५-४५ मिनिटे ड्रम शिकवले गेले. शिकलेल्या मुलांमध्ये चंचलपणा आणि लक्ष विचलित होणे, दोन्ही कमी झाले. आवेगाला आवर घालणाऱ्या मेंदूच्या भागांचे परस्परांशी जुळणेही बदललेले दिसले. अभ्यास लहान आहे आणि ड्रम हे औषध नव्हे. पण ज्या मुलाला 'एका जागी बस' हे दिवसातून वीसदा ऐकावे लागते, त्याला बसल्या जागी हातपाय आपटण्याची रीतसर परवानगी मिळते, ही गोष्ट त्याच्या आईवडिलांना लहान वाटणार नाही.

ग्लॉस्टरशायर विद्यापीठाने २०११ मध्ये बर्कला मानद डॉक्टरेट दिली. साठी उलटल्यावरही तो दौरे करत होता. २०२३ मध्ये ग्लॅस्टनबरी महोत्सवात ब्लाँडी वाजला, तेव्हाही ड्रमवर तोच होता. एप्रिल २०२५ मध्ये, सत्तराव्या वर्षी, कर्करोगाने त्याचे निधन झाले.