सायकलस्वाराची कातडी का सोलते?

सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर पंचवीस-तीस किलोमीटरची सायकल-सहल काढायची म्हणजे मोठी मौज! पण दुसऱ्या दिवशी वर्गात बाकावर बसताना काहीजण हळूच तोंड वाकडे करतात. मांड्यांची आतली बाजू किंवा बैठकीची जागा लाल होऊन तिची आग होत असते. पण जागाच अशी, की सांगायची लाज वाटते. खरे तर यात लाजण्यासारखे काही नाही. घर्षण, दाब आणि घाम या तिघांचा हा प्रताप आहे.

थोडा हिशेब करून पाहा. मिनिटाला ६० वेळा पायडल फिरवले, तर दोन तासांत ७,२०० फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात मांडी एकदा वर आणि एकदा खाली जाते. म्हणजे ती सीटला १४,४०० वेळा घासली! आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. तळहात व तळपाय सोडले, तर त्याची जाडी बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाइतकीच भरते. इतके घासल्यावर तो झिजला, तर नवल ते काय?

त्यात घामाची भर पडते. नोटा मोजणारा माणूस बोट ओले का करतो? किंचित ओलसर त्वचा मऊ होते, कागदाला अधिक चिकटते आणि घर्षण वाढते. सीटवरही हेच घडते. शिवाय घाम वाळल्यावर मागे राहिलेले मिठाचे बारीक कण सोललेल्या जागी झोंबतात. आपल्या त्वचेवर एरवी निरुपद्रवी असलेले जंतू अशा जागी किंवा केसांच्या मुळाशी शिरले, की पुळी किंवा गळू होते.

कारणे कळली, की उपाय आपोआप सुचतात. जीनच्या पँटची जाड शिवण नेमकी सीटवर येते. म्हणून लांबच्या फेरीला ती नको. सुती कपडा घाम शोषतो, पण लवकर वाळत नाही. सायकलिंगची अस्तर लावलेली, अंगाबरोबर बसणारी पँट असेल, तर आत दुसरा कपडा घालू नये. नाही तर त्याच्या शिवणी घासतील. घासणाऱ्या जागी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ साली अमेरिकेत पेटंट घेतलेला हा पदार्थ आजही उपयोगी पडतो.

सीटची उंचीही तपासा. मित्राला सायकल धरायला सांगा, सीटवर बसा आणि टाच पायडलवर ठेवून ते अगदी खाली न्या. पाय जेमतेम सरळ झाला, तर उंची साधारण बरोबर आहे. सीट फार उंच असेल, तर कंबर डावी-उजवीकडे डुलते व घर्षण वाढते. सीट जितकी मऊ तितकी चांगली, हा समजही खरा नाही. फार मऊ सीटमध्ये बैठकीची हाडे रुततात आणि आजूबाजूच्या नाजूक भागावर दाब येतो.

फेरी संपताच घामट कपडे बदला. कातडी सोललीच, तर कोमट पाणी व सौम्य साबणाने जागा धुवा, टॉवेलने न घासता टिपून कोरडी करा, पेट्रोलियम जेली लावा आणि दोन-तीन दिवस सायकलला सुट्टी द्या. पुळी फोडू नका. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वच्छ फडक्याने शेका. लाली पसरत असेल, पू किंवा ताप येत असेल, तर डॉक्टरांकडे जा.

एक सावधगिरी मात्र हवीच. खाज सुटणारे, कडा उठावदार असलेले गोल चट्टे दिसले, तर तो बहुधा नायटा असतो. तो बुरशीमुळे होतो, घासल्यामुळे नव्हे. दुकानातून मनानेच आणलेल्या मलमात स्टिरॉइड असेल, तर खाज चार दिवस थांबते, पण बुरशी आतल्या आत फोफावते. तेव्हा लाज बाजूला ठेवा आणि घरच्या मोठ्यांना वेळीच सांगा. लपवलेले दुखणे वाढते. सांगितलेले बहुधा आटोक्यात येते.