परक्या द्राक्षांचा वैद्य

मिशेल रोलाँ हे नाव आपल्याकडच्या फारच थोड्या घरांत पोचलं असेल. आपल्याला द्राक्षं ठाऊक ती फेब्रुवारी-मार्चमध्ये हातगाडीवाल्याशी घासाघीस करून घ्यायची, किंवा फार तर औषधांच्या कपाटातल्या द्राक्षासवाच्या बाटलीतली. पण वाइनच्या जगात निदान तीन दशकं या फ्रेंच माणसाच्या जिभेला जो मान होता, तो आपल्याकडे मुरलेल्या गवयाच्या कानाला असतो. ऐन भरात शंभराहून अधिक वाइनरी त्यांचा सल्ला घेत होत्या. कॅलिफोर्निया, अर्जेंटिना, इटली, स्पेन आणि चक्क आपलं कर्नाटकसुद्धा.

रोलाँ यांचा जन्म १९४७ सालच्या डिसेंबरातला, बोर्दोजवळच्या लिबूर्न गावचा. शेजारच्या पोमेरोलमध्ये घरची द्राक्षबाग होती, जेमतेम सात हेक्टरची. बोर्दोला वाइनशास्त्र शिकताना दानी भेटल्या, लग्न झालं आणि १९७३ मध्ये या जोडप्यानं लिबूर्नमध्ये एक प्रयोगशाळा घेतली. बागाईतदारांनी वाइनचा नमुना आणून द्यायचा आणि आम्लता किती, अल्कोहोल किती याचा कागद घेऊन जायचं. आपल्याकडच्या माती परीक्षण केंद्रासारखाच हा व्यवसाय. पण वाइन बिघडली असं कागदावर दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. बिघाड सुरू होतो बागेत. त्यामुळे रोलाँ यांचं काम हळूहळू टेबलावरून बागेत सरकलं.

बागेत जाऊन त्यांनी जे सांगितलं, ते एका शब्दात मावतं : थांबा. बोर्दोचा शेतकरी शरदातल्या पावसाला घाबरून द्राक्षं लवकर तोडायचा. कच्च्या सालीतला आणि बियांतला तुरटपणा मग वाइनमध्ये उतरायचा. कच्ची सुपारी चघळल्यावर जीभ आवळते, तसा. रोलाँ म्हणत, नुसती साखर मोजू नका, बी चावून पाहा. बी हिरवी असेल तर द्राक्ष अजून कच्चं आहे, तपकिरी होऊन कुरकुरीत लागली तर पिकलं. तोवर वेलीवरचे जादा घड काढून टाका, घडांवरची पानं विरळ करा, उन्हा-वाऱ्याला वाट द्या. तोडणीनंतर सडका मणी एकही आत जाऊ देऊ नका.

ऐकायला सोपं आहे. मी बँकेच्या नोकरीत काही वर्षं निफाड भागात काढली. द्राक्षबागांच्या कर्जांची पाहणी करत हिंडायचो, त्यामुळे हे सोपं वाक्य किती महाग असतं ते मला ठाऊक आहे. विरळणीत खाली पडलेला प्रत्येक घड शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर रुपयांत मोजला जातो. माल तयार होत आला असताना आभाळ भरून आलं, की बागाईतदार रात्रभर अंगणात येरझाऱ्या घालतो. एका अवकाळी सरीत मणी तडकतात. कर्जाचं व्याज मात्र ऊन-पाऊस पाहत नाही. ‘आणखी चार दिवस थांबा’ असं सांगणाऱ्याचं त्या चार दिवसांत काय जातं, हा प्रश्न कर्जाच्या कागदांत कुठल्याच रकान्यात नसे, पण माझ्या मनात असे. रोलाँ यांच्या बाबतीत एवढं म्हणायला हवं, की त्यांच्या घरची सात हेक्टरही त्याच आभाळाखाली होती. २०१३ साली ती हाँगकाँगच्या एका उद्योगसमूहाला विकली गेली, तोवर.

हा सल्ला देशाबाहेर निघाला १९८६ साली, कॅलिफोर्नियातल्या सिमी वाइनरीसाठी. १९८८ मध्ये अर्जेंटिनातल्या काफायाते इथल्या एचार्ट यांचं बोलावणं आलं. यामागे एक मजेदार हिशेब आहे. दक्षिण गोलार्धात तोडणी फेब्रुवारी ते एप्रिल, उत्तरेत सप्टेंबर-ऑक्टोबर. म्हणजे एका माणसाला वर्षातून दोन हंगाम मिळू शकतात. लेथवेट नावाच्या ब्रिटिश वाइन-व्यापाऱ्यानं हेच हेरून १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियन तरुणांना फ्रान्समधल्या एका सहकारी वाइनरीत कामाला आणलं. ‘उडते वाइनकार’ हे नाव तिथून रुळलं. ती पोरं हातात पाण्याची नळी घेऊन टाक्या धूत. रोलाँ मात्र येत, चाखत, कुठल्या पिंपातली किती मिसळायची ते सांगत आणि पुढच्या विमानानं जात.

यावरच पुढे वादळ उठलं. रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकाला पिकलेल्या फळाच्या, गडद, भरदार वाइन आवडत. शंभरपैकी किती गुण देतो यावर तो बाजार हलवी. रोलाँ यांच्या वाइनना ते गुण मिळत आणि मग सगळ्यांनाच रोलाँ हवे असत. २००४ च्या ‘माँदोविनो’ या माहितीपटात ते ड्रायव्हर असलेल्या गाडीतून हिंडताना, हसत हसत वाइनमध्ये प्राणवायूचे सूक्ष्म बुडबुडे सोडायला सांगताना दिसतात. त्यानं तुरटपणा मवाळ होतो. चित्रण एकांगी आहे, अशी रोलाँ यांची तक्रार होती. टीकाकारांचं म्हणणं, देश कुठलाही असो, चव रोलाँचीच. मला दोन्ही बाजू पटतात, पण सारख्या नाहीत. नासकी वाइन सुधारणं हे मोठंच काम. मात्र गावोगावच्या आमटीला एकाच कंपनीचा मसाला पडू लागला, तर घरची चव जाते हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आपल्याकडे रोलाँ आले ते १९९०च्या दशकाच्या मध्यावर, बंगळुरूजवळच्या नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी कंवल ग्रोव्हर यांनी उभ्या केलेल्या वाइनरीचे सल्लागार म्हणून. नाशिकला सुलाच्या राजीव सामंत यांनी कॅलिफोर्नियाचे केरी डॅम्स्की यांना आणलं. त्यांची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. इथे मात्र पाहुण्यांचं पंचांग चालेना. तिकडे थंडीत वेल निजते, इथे ती निजतच नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटणी : उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी. तोडणी हिवाळ्यात, जानेवारी ते मार्च. म्हणजे उत्तर गोलार्धात असून हंगाम जवळजवळ अर्जेंटिनाचा! वाइनच्या द्राक्षांना ही दोन छाटण्यांची रीत बोर्दोतल्या कुठल्याही वर्गात शिकवण्यासारखी नव्हती. पण नाशिकच्या मजुरांच्या हातातली कात्री थॉमसनच्या बागांत कित्येक वर्षं तशीच चालत आलेली होती.