टपरीला अस्तर
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या औशातल्या घराच्या अंगणात एक लाकडी टपरी उभी आहे. आठ फूट रुंद, दहा फूट लांब, फळ्यांच्या भिंती आणि वर पत्रा. माझे मामू त्यात शिलाईकाम करायचे. त्यांनी धंदा बंद केला तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून ती आम्ही घरी आणली. तिथे माझी अम्मा झोपते. आज तिचं वय ऐंशीच्या घरात आहे आणि 30 सप्टेंबर 1993 नंतर ती एकदाही स्लॅबखाली झोपलेली नाही.

ती तारीख आमच्या भागात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, चार वाजायला काही मिनिटं कमी. औसा तालुक्यात आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यात गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. सरकारी हिशेबानं आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या घराची मागची भिंत नुसती भेगाळली. किल्लारीजवळचं अम्माचं माहेर मात्र बसलं. तिथली कोण कोण गेली ते मी इथे सांगत नाही.

ती घरं मारायला बांधलेली नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद. वैशाखातसुद्धा आत गेलं की गार वाटायचं. पण भिंतीचे गोल दगड नुसत्या मातीत बसवलेले, आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधणारे जोडदगड नाहीत. जमीन हलली तशा त्या फुटल्या आणि माळवदाची माती अंगावर आली. ज्या घरांत लाकडी खांबांचे खण नीट होते तिथे पुष्कळदा सांगाडा उभा राहिला, म्हणून काही जण वाचले. त्यानंतर लोक पत्र्याखाली गेले. पत्रा अंगावर पडला तरी माणूस मरत नाही, एवढं सगळ्यांना कळलं होतं. पण मार्च लागला की पत्र्याखाली बसवत नाही, हेही त्याच वर्षी कळलं.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये अम्माला ऊन लागलं. डॉक्टर म्हणाले, दुपारी पत्र्याखाली ठेवू नका. मी म्हणालो, "अम्मा, घरात चल." ती म्हणाली, "नाही." हा संवाद आमच्याकडे आठ दिवस चालला. नवव्या दिवशी मी ठरवलं, ती घरात येत नसेल तर टपरीच राहण्यासारखी करायची. कविता लिहिणाऱ्या माणसाच्या हातात ड्रिल मशीन शोभत नाही असं बायकोचं मत पडलं. ते बरोबरच होतं, पण कामाला दुसरं कुणी मिळेना.

आधी पत्रा का तापतो ते समजून घेऊ. भर उन्हात एका चौरस मीटरवर जवळपास एक किलोवॅट उष्णता पडते, म्हणजे एक शेगडीच म्हणा. गंजलेला, मळलेला पत्रा त्यातली बरीचशी पिऊन टाकतो आणि साठ-पासष्ट अंशांपर्यंत सहज जातो. लोखंडातून उष्णता अडथळ्याशिवाय खाली येते. खाली आल्यावर ती नुसती हवा तापवत नाही. तव्याजवळ हात नेला की चटका न लागताही धग जाणवते, तशी ती थेट अंगावर येते. पंख्यानं हवा हलते, पण ही धग हलत नाही. म्हणून पत्र्याखाली पंखा लावूनही माणूस कासावीस होतो.

मग काय करायचं? उष्णतेला ज्यातून जायला फार कष्ट पडतात असं काहीतरी मध्ये घालायचं. अशी सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे हवा, पण ती जागच्या जागी थांबलेली हवी. गोधडी, लोकर, कापूस, थर्माकोल, सगळ्यांचा धंदा तोच: हवेला बारीक बारीक कप्प्यांत कोंडून ठेवायचं. दोन इंची थर्माकोल उष्णता अडवण्यात अर्धा-पाऊण मीटर कोरड्या मातीच्या तोडीचा असतो. हे वाचलं तेव्हा मी जरा वेळ गप्प बसलो. आमच्या टपरीवर अर्धा मीटर माती टाकायची म्हटली तर सहा टनांच्या आसपास भरेल. तेवढ्याच जागेचा थर्माकोल सात-आठ किलो.

पहिल्या वर्षी मी घाई केली. थर्माकोलचे ताव आणले आणि पत्र्याला आतून चिकटवायला लागलो. दुकानातून रबर सोल्यूशन आणलं होतं. ते लावलं आणि माझ्या डोळ्यांदेखत थर्माकोल विरघळून त्याला खड्डे पडले. पेट्रोलसारखा वास येणारा कुठलाही गोंद त्याला चालत नाही, सुताराचा पांढरा गोंद चालतो. तो आणून ताव चिकटवले, वर वाशांसकट सगळं प्लॅस्टिकच्या कागदानं गुंडाळलं आणि फळ्या मारून बंद केलं. मे महिना बरा गेला. ऑगस्टमध्ये टपरीत कुबट वास यायला लागला. फळी काढून पाहिली तर एक वासा हातानं कुस्करत होता. पत्र्याच्या हुकांखालची रबरं जुनी झाली होती, तिथून थेंब थेंब पाणी आत येत होतं. पूर्वी ते खाली गळायचं, दिसायचं, आम्ही भांडं ठेवायचो. आता ते प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या मध्ये अडकून लाकूड कुजवत होतं.

त्याशिवाय हिवाळ्याचं एक पाणी असतं. स्वच्छ आकाशाच्या रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि आत झोपलेल्या माणसाच्या श्वासातली वाफ त्याला लागून दव धरते. आमच्याकडे म्हणतात, पत्रा रडतो. हे रडणं सुकायला वाट पाहिजे. लाकडाचं असं आहे, ते भिजलं तरी चालतं. भिजून कोंडलं की संपलं.

म्हणून दुसऱ्या वर्षी सगळं उचकटून पहिल्यापासून केलं. आधी हुकांची रबरं बदलली आणि दोन बादल्या पाणी वर ओतून गळती तपासली. (पत्र्यावर चढायचं तर सकाळी लवकर, आणि वाशांवर आडवी फळी टाकून तिच्यावरच पाय ठेवायचा.) मग पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात दिले, चुन्यात थोडा पांढरा गोंद घालून. पांढरा पत्रा बरंचसं ऊन परत पाठवतो. सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक पडला तो यानं. ज्याला बाकी काही जमणार नाही त्यानं एवढं तरी करावं. पावसात चुना धुपतो, त्यामुळे दरवर्षी मार्चमध्ये हे काम आलंच. आमच्या शेजारी पत्र्यावर तुराट्या आणि उसाचं पाचट टाकतात. त्यानं सावली चांगली होते, पण एक ठिणगी पुरे असते, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

पत्र्याच्या खाली वाशांच्या उंचीएवढी, म्हणजे तीन इंचांची पोकळी मोकळी सोडली. टपरीचं छप्पर पुढे उंच, मागे उतरतं. दोन्ही टोकांना पोकळीची तोंडं उघडी ठेवली आणि उंदीर-पाली जाऊ नयेत म्हणून बारीक जाळी ठोकली. तापलेली हवा वर चढते आणि पुढच्या उंच फटीतून निघून जाते, मागून तिच्या जागी दुसरी येते. दव पडलं तर तेही याच वाऱ्यानं सुकतं. पोकळीच्या खाली, वाशांना खालच्या बाजूनं, चकाकता फॉइलचा कागद आणि त्याखाली दोन इंची थर्माकोल. फॉइलची चमकती बाजू पोकळीकडे हवी. चमक धग परतवते, पण तिच्यासमोर मोकळी हवा असेल तरच. फॉइल पत्र्याला चिकटवून टाकलं तर ते नुसतं पातळ ॲल्युमिनियम, उष्णता आरपार.

थर्माकोल घेताना टीव्हीच्या खोक्यातला भुसभुशीत घेऊ नये. दाट, आग लवकर न धरणारा प्रकार मागावा. तरीही तो उघडा ठेवायचा नाही. पेटला तर काळा विषारी धूर करतो. विजेची वायर त्याला चिकटू द्यायची नाही, कारण थर्माकोलच्या सहवासात वायरचं प्लॅस्टिक हळूहळू ठिसूळ होतं. मी छतात वायरच नेली नाही. दिवा आणि पंखा दोन्ही पूर्वेच्या भिंतीवर, पाइपातून वायर घालून.

छताला खालून झाकायला काय लावावं यावर मी अडलो. सिमेंटचा बोर्ड आगीला चांगला, पण जड. प्लाय हलका, पण जळणारा. मी बोर्ड लावायच्या बेतात होतो. तेवढ्यात अम्मा दारात येऊन उभी राहिली. वर बघत म्हणाली, "उप्पर क्या डाल्या रे तू?"

मी थर्माकोलचा एक ताव तिच्या हातात दिला. तिनं तो एका हातानं उचलला, उलटा केला, डोक्यावर धरून पाहिला. मग बोर्डाकडे बोट केलं. तो तिला उचलला नाही. तिनं काही म्हटलं नाही, पण बोर्ड छताला लागणार नाही हे ठरलं. वर चार मिलिमीटरचा प्लाय स्क्रूनं बसवला. थर्माकोल आणि प्लाय मिळून सगळं छत पंचवीस किलोंच्या आसपास, म्हणजे गव्हाच्या अर्ध्या पोत्याएवढं. बोर्ड वायरींच्या भिंतीला वापरला.

भिंतींचं फार नाही. दुपारचं ऊन पश्चिमेकडून येतं, म्हणून तेवढ्याच भिंतीला आतून रिपा मारून एक इंची थर्माकोल भरला आणि वर प्लाय ठोकला. बाहेरून बांबूची तट्टी हातभर अंतरावर उभी केली आणि तिच्यावर दोडक्याचा वेल सोडला. ऊन भिंतीवर पडूच न देणं हे आतून अडवण्यापेक्षा केव्हाही सोपं. बाकी फळ्यांमधल्या मोठ्या फटी सुतळी आणि लांबीनं बुजवल्या. खाली टपरी आधीपासून विटांवर उचललेली आहे, तिला हात लावला नाही.

आता फरक किती? पूर्वी बाहेर एक्केचाळीस असताना आतल्या भिंतीवरचा तापमापक दुपारी तीनला सत्तेचाळीस दाखवायचा. आता बेचाळीस दाखवतो. कुणी म्हणेल, एवढा खटाटोप करून बाहेरच्यापेक्षा एक अंश जास्तच! बरोबर आहे. अस्तर थंडावा निर्माण करत नाही, ते उन्हाची वरकड धग थांबवतं. माळवद दिवसभर उष्णता पोटात साठवून घ्यायचं, तसं पोट थर्माकोलला नाही. पण डोक्यावरून उतरणारी ती धग गेली आणि म्हणून कूलरला काम करता येऊ लागलं. कूलर लावायचा तर समोरची एक झडप उघडी पाहिजे. ओली हवा बाहेर गेली नाही तर खोलीचं हमामखाना होतं. उलट संध्याकाळी टपरी घरापेक्षा लवकर निवते. स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला असतो आणि त्याच्याखाली आम्ही झोपतो.

एक गोष्ट मात्र मला सोडवता आली नाही. दाराला मी रबराची पट्टी लावली होती, नीट बंद व्हावं म्हणून. अम्मा दार बंद करून झोपत नाही, दिवसा नाही आणि रात्रीही नाही. शेवटी पट्टी काढली, दाराला वाळ्याचा पडदा टांगला आणि सकाळ-दुपार त्यावर पाणी मारायचं काम नातीकडे दिलं.