मारक पेशीचा स्टार्टर

वरवंडच्या आसपास विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर मुलांनी पाहिलेला असतोच. हिरवे बटण दाबणारे बोट मोटार फिरवत नाही. आतल्या कॉईलला वीज मिळते, ती मोठे संपर्क जोडते, मग मोटार फिरते. लाल बटण हा सारा खेळ थांबवते.

आपल्या रक्तातल्या मारक टी-पेशीचेही असेच आहे. विषाणूने ग्रासलेल्या पेशीला तिचा ग्राहक चिकटला, एवढ्याने ती पेशी मरत नाही. ग्राहकाची शेपटे पेशीच्या आत असतात. त्यांच्यावर एलसीके नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, फॉस्फेटचे गट बसवते. त्या फॉस्फेटवर झॅप-७० हे दुसरे विकर येऊन बसते आणि कामाला लागते. पुढे पेशीतले कॅल्शियम वाढते, विषारी कणिका सावजाच्या बाजूला सरकतात. त्यांतले परफोरिन सावजाच्या पटलाला भोके पाडते, ग्रॅन्झाइम आत शिरतात आणि सावज मरते. झॅप-७० सदोष असलेल्या बालकांची माहिती १९९४ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या रक्तात मारक टी-पेशी जवळजवळ नव्हत्याच, आणि साधे संसर्गही त्यांच्या जिवावर बेतत. एका विकराची ही किंमत!

फॉस्फेट काढून टाकणारी विकरेही पेशीत असतातच. ती नसती तर मारक पेशी निरोगी शेजाऱ्यांवरही उठल्या असत्या. काही कर्करोग-पेशी नेमकी हीच लाल बटणे दाबून स्वतःला वाचवतात.

मुंबईच्या आयआयटीने आणि टाटा मेमोरियल रुग्णालयाने मिळून विकसित केलेल्या ‘नेक्सकार१९’ उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून त्यांच्यात नव्या ग्राहकाचे जनुक घालतात. हा ग्राहक रक्ताच्या काही कर्करोगांतील पेशींवरचे सीडी१९ हे प्रथिन ओळखतो. गंमत अशी, की बाहेरचे टोक नवे असले तरी आत मूळच्याच ग्राहकाचे एक शेपूट जोडलेले असते. फॉस्फेट बसवणारी विकरेही तीच. म्हणजे बटण बदलले, तारा जुन्याच!

मात्र या पेशी बेफाम झाल्या तर तीव्र ताप येतो, रक्तदाब घसरतो, रुग्ण दगावूही शकतो. इथे लाल बटण हवे. डॅसाटिनिब हे रक्ताच्या कर्करोगावरचे जुने औषध एलसीकेला अडवते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत ते देताच अशा पेशी थंडावल्या, आणि औषध थांबवल्यावर पुन्हा मारू लागल्या.