टीव्ही घरचा, तर बिलही घरच्याच नावे

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ज्या टीव्हीची करपूर्व किंमत ३०,००० रुपये आहे, त्यावर पूर्वी ८,४०० रुपये कर पडे. आता ५,४०० रुपये पडतो. घोडबंदर, काशीमिरा, मीरा रोड या पट्ट्यात नव्या संकुलांत राहावयास गेलेल्या कुटुंबांना ४३ ते ५५ इंचांचा टीव्ही त्यामुळे अधिक आवाक्यात आला आहे. मात्र आपण व्यापारी मंडळी दुकानाचा माल जितक्या चौकसपणे पारखून घेतो, तितक्या चौकसपणे घरची वस्तू घेतोच असे नाही. म्हणून हा थोडा हिशेब.

आधी भिंत, मग पडदा

टीव्हीचे इंच म्हणजे पडद्याचा कर्ण. ४३ इंची पडद्याची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर असते, ५५ इंचीची सुमारे १२२. कडेची चौकट वेगळी. खरेदीस निघण्यापूर्वी भिंत आणि सोफ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर फुटपट्टीने मोजून कागदावर लिहावे. चार-के चित्रासाठी कर्णाच्या साधारण दीडपट अंतर पुरते: ४३ इंचांस साडेपाच फूट, ५५ इंचांस सात फूट. मात्र घरात मुख्यतः डीटीएचवरील साध्या वाहिन्या पाहिल्या जात असतील, तर जवळून मोठ्या पडद्यावर त्यांचे चित्र फिसकटलेले दिसते. अशा घरी एक आकार लहान घेणेच शहाणपणाचे.

भिंत कशाची आहे, हेही पाहावे. नव्या इमारतींत काही भिंती ओतीव काँक्रीटच्या, तर काही सिपोरेक्स ठोकळ्यांच्या असतात. सिपोरेक्समध्ये साध्या प्लास्टिकच्या गुल्ल्या कालांतराने सैल होतात. त्यासाठीचे खास अँकर मागून घ्यावेत. विजेच्या नळ्या भिंतीतून कोठून गेल्या आहेत, याचे रेखाटन विकासकाकडून मिळाले असल्यास ते कारागिराला दाखवावे. पडद्याचा मध्य सोफ्यावर बसलेल्याच्या डोळ्यांच्या पातळीत, म्हणजे जमिनीपासून ४० ते ४२ इंचांवर असावा. देवघरासारखा उंच टांगलेला टीव्ही मानेला त्रास देतो. आपल्याकडे खाडीची दमट, खारी हवा असते. त्यामुळे टीव्ही भिंतीस अगदी चिकटवू नये आणि ज्या भिंतीस पावसाळ्यात ओल येते तेथे तो मुळीच लावू नये.

दुकानातील झगमगाट

दुकानात टीव्ही सर्वाधिक तेजावर, भडक रंगांत चालविलेला असतो आणि त्यावर खास चित्रित केलेली दृश्ये दाखवितात. विक्रेत्यास सांगून चित्र ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ पर्यायावर आणावे, एखादी नेहमीची वाहिनी लावावयास सांगावी आणि बाजूला उभे राहूनही पाहावे. काही पडद्यांचे रंग बाजूने फिके पडतात; कुटुंब सोफ्यावर आणि खाली सतरंजीवरही बसत असेल, तर हा दोष रोज जाणवेल. विजेच्या तारांकनाकडेही लक्ष द्यावे. १०० वॉटचा टीव्ही दिवसाला पाच तास चालला, तर महिन्यास १५ युनिट वीज लागते.

‘विनाव्याज’ हप्त्याचा हिशेब

बँकेतील नोकरीमुळे हा विषय माझ्या परिचयाचा आहे. समजा, टीव्हीची किंमत ३६,००० रुपये असून क्रेडिट कार्डावर ४,००० रुपयांचे नऊ हप्ते सांगितले. वरवर पाहता व्याज नाही. प्रत्यक्षात विक्रेता व्याजाएवढी सूट आधी देतो आणि बँक तेवढे व्याज हप्त्यांतून घेते. दर वार्षिक १५ टक्के धरला, तर हे व्याज सुमारे २,१५० रुपये होते. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ३८७ रुपये, ग्राहकाच्या माथी येतो. प्रक्रिया शुल्क असल्यास तेही वेगळे. शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते, ही भूमिका रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या परिपत्रकात घेतली होती. म्हणून एकच प्रश्न विचारावा : “पूर्ण रक्कम आज दिली, तर किती कमी कराल?” हप्त्यावाल्यास मिळणारी सूट रोखीच्या ग्राहकास का मिळू नये?

बिल कोणाच्या नावे?

सौदा ठरला की विक्रेता हळूच विचारतो, “शेठ, दुकानाच्या जीएसटी नंबरवर बिल करू का? कर सुटेल.” वरच्या उदाहरणातील ५,४०० रुपये वाचतील, असा मोह येथे पडतो. तो टाळावा.

केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १७(५) नुसार खासगी उपभोगासाठी घेतलेल्या वस्तूवरील कराचे इनपुट क्रेडिट मिळत नाही. टीव्ही दिवाणखान्यात आणि क्रेडिट पेढीच्या विवरणपत्रात, ही विसंगती तपासणीत आढळल्यास कर व्याजासह भरावा लागतो, शिवाय दंडाचीही शक्यता असते. प्राप्तिकरातही खासगी खर्च व्यवसायाच्या खर्चात दाखविता येत नाही. टीव्ही खरोखरच पेढीवर ग्राहकांसाठी वा कॅमेऱ्यांच्या देखरेखीसाठी लावावयाचा असेल, तर गोष्ट निराळी.

दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणारा, स्वयंरोजगाराचा अपवाद वगळता, ‘ग्राहक’ ठरत नाही. घरचा टीव्ही पेढीच्या नावे घेतला आणि पुढे पडदा बिघडला, तर आपण ग्राहकच नाही, असा आक्षेप घेण्यास समोरच्याला वाव मिळतो. वस्तू प्रत्यक्षात घरीच वापरली, हे सिद्ध करता येईलही. पण ते सिद्ध करण्याची दगदग आपल्या वाट्यास येते. अनेक कंपन्यांच्या वॉरंटीतही घरगुती वापराची अट असते. पाच हजारांच्या मोहापायी पस्तीस हजारांच्या वस्तूवरील हक्क संशयास्पद करून घेणे, हा व्यापार तोट्याचा आहे.

बसवतेवेळी आणि त्यानंतर

बिलावर घरातील व्यक्तीचे नाव, घरचा पत्ता, मॉडेल आणि अनुक्रमांक असावा. हाच अनुक्रमांक खोक्यावर व टीव्हीच्या पाठीवर जुळवून पाहावा. खोके कंपनीच्या कारागिरासमोरच उघडावे आणि त्याचे मोबाइलवर चित्रण करावे. भिंतीवरील ब्रॅकेट किमतीत आहे की वेगळे, हे दुकानातच लिहून घ्यावे. टीव्ही सुरू होताच तो ‘होम’ पर्यायावर ठेवावा; ‘शॉप’ पर्यायात राहिल्यास तेज अकारण वाढलेले राहते. चित्र अनैसर्गिक गुळगुळीत भासत असेल, तर हालचाल नितळ करणारा पर्याय बंद करावा. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की प्लग व केबल दोन्ही काढून ठेवावे.

बिघाड झाल्यास प्रथम कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. दाद न मिळाल्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल, तर तेथे शुल्क नाही. वकील नेमणेही सक्तीचे नाही. मात्र आयोगासमोर पहिला कागद बिलच मागितला जातो. म्हणून बिल, वॉरंटीपत्र आणि हप्त्यांचा तपशील पेढीच्या नव्हे, तर घरच्या फाइलीत लावून ठेवावा आणि ती फाइल कोठे आहे, हे घरातील सर्वांना ठाऊक असावे.