फ्रेडी लेकर यांची स्कायट्रेन

आगाऊ आरक्षण नाही. ज्या दिवशी जायचे त्याच दिवशी तिकीट खिडकीपाशी यायचे, रांग लावायची, ५९ पौंड मोजायचे आणि लंडनजवळच्या गॅटविकहून न्यूयॉर्कचे विमान पकडायचे. विमानात जेवण हवे असेल तर त्याचे पैसे वेगळे. या अटींवर २६ सप्टेंबर १९७७ रोजी २७२ प्रवाशांना घेऊन एक डीसी-१० उडाले. एरवीच्या भाड्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात अटलांटिक ओलांडता येतो, हे त्या दिवशी लोकांनी प्रत्यक्ष पाहिले. सेवेचे नाव स्कायट्रेन, कंपनीचे नाव लेकर एअरवेज. सरकारचा पैसा नाही, शेअर बाजारात नोंद नाही. जवळजवळ सगळी मालकी एकट्या फ्रेडी लेकर यांची होती.

१९२२ साली कँटरबरीत जन्मलेले लेकर विमानांच्या व्यवहारात उतरले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, लष्कराने मोडीत काढलेली विमाने आणि सुटे भाग घेऊन-विकून. १९४८ साली सोव्हिएत संघाने बर्लिनची नाकेबंदी केली आणि शहराला हवाईमार्गे रसद पोहोचवावी लागली, तेव्हा लेकर यांची जुनी हॅल्टन विमाने या कामाला लागली. तिथून त्यांचे नशीब फळफळले. पुढे ब्रिटिश युनायटेड एअरवेजचा कारभार त्यांनी पाहिला आणि १९६६ साली दोन जुनी ब्रिटानिया विमाने घेऊन स्वतःची कंपनी काढली.

सुरुवातीचा धंदा चार्टरचा. त्यातही त्यांनी एक पद्धत बसवली: सहल कंपनीने वर्षभरासाठी विमानाचे ठरावीक तास विकत घ्यायचे आणि ते वापरले नाहीत तरी पैसे द्यायचे. त्यामुळे रिकाम्या विमानाची धास्ती सहल कंपनीकडे गेली. इंधनाच्या बाबतीतही त्यांचे तसेच बारीक लक्ष असे. शक्य तिथे इंजिनाची पूर्ण ताकद न लावता उड्डाण करायचे आणि लवकर उंची गाठायची, असे त्यांच्या वैमानिकांना शिकवलेले असे. स्वस्त तिकिटामागे असे शेकडो छोटे हिशेब असतात. लेकर यांचे मोठेपण मला त्या हिशेबांत दिसते.

डीसी-१० मिळण्याची कथाही ऐकण्याजोगी आहे. जपानच्या मित्सुई कंपनीने ऑल निप्पॉन एअरवेजच्या भरवशावर ही विमाने मागवून ठेवली होती. ऑल निप्पॉनने मात्र लॉकहीडची ट्रायस्टार निवडली. मित्सुईच्या गळ्यात पडलेली विमाने लेकर यांनी १९७२ साली घेतली. ३४५ आसनांची ही विमाने त्यांनी स्कायट्रेनसाठी आणली, पण पाच वर्षे ती चार्टरवरच राबली, कारण स्कायट्रेनला हवा होता तो सरकारचा होकार.

पहिला अर्ज १९७१ सालचा. १९७२ मध्ये परवाना मिळालाही. मग मजूर पक्षाचे सरकार आले आणि १९७५ मध्ये व्यापारमंत्री पीटर शोअर यांनी जाहीर केले की लांब पल्ल्याच्या एका मार्गावर एकच ब्रिटिश कंपनी उडेल. न्यूयॉर्कच्या मार्गावर ती म्हणजे अर्थातच सरकारी ब्रिटिश एअरवेज. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. लेकर न्यायालयात गेले. उच्च न्यायालयात जिंकले, आणि डिसेंबर १९७६ मध्ये अपील न्यायालयातही लॉर्ड डेनिंग यांच्या पीठाने त्यांच्याच बाजूने कौल दिला: संसदेच्या कायद्याने ठरवलेली उद्दिष्टे मंत्र्याला नुसत्या मार्गदर्शक सूचना काढून उलटवता येत नाहीत. प्रशासकीय कायद्याचे विद्यार्थी आजही हा खटला अभ्यासतात. पुढल्या जूनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनीही संमती दिली.

स्कायट्रेन सुरू होताच मोठ्या कंपन्यांनी स्वतःची स्वस्त 'स्टँडबाय' भाडी काढली. तरीही १९७८ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात लोक तिकिटासाठी पदपथावर मुक्काम ठोकून बसले. त्याच वर्षी लॉस एंजेलिसची सेवा सुरू झाली आणि लेकर 'सर' झाले.

मग उतार लागला. मे १९७९ मध्ये शिकागोत अमेरिकन एअरलाइन्सचे डीसी-१० कोसळून २७३ जण मृत्युमुखी पडले आणि जूनमध्ये जगभरची डीसी-१० विमाने जमिनीवर आणली गेली. लेकर यांची भर हंगामातली कमाई बुडाली. तरी त्यांनी नवी डीसी-१० आणि एअरबस ए-३०० विमाने मागवली, कर्ज काढून. कर्ज डॉलरमध्ये, कमाईचा मोठा भाग पौंडांत. १९८१ मध्ये पौंड घसरला, तसा प्रत्येक हप्ता आपोआप जड होत गेला. त्यातच पॅन ॲमने भाडी पाडली आणि इतरांनी तिचीच री ओढली. ५ फेब्रुवारी १९८२ रोजी कंपनी बंद पडली. देणे २५ कोटी पौंडांहून जास्त होते. सामान्य माणसांनी ती वाचवण्यासाठी स्वतःहून पैसे पाठवले. अशी माया फार थोड्या विमान कंपन्यांच्या वाट्याला येते.

स्कायट्रेन स्वस्ताईमुळे बुडाली, असे पुष्कळदा म्हटले जाते. मला ते पटत नाही. भाड्याचे गणित बरोबर होते. चुकला तो विस्ताराचा वेग, आणि एकाच मालकाच्या कंपनीत लेकर यांना थांबवणारे कोणी नव्हते.

दुसरी बाजूही आहे. लिक्विडेटरने अमेरिकेत दावा लावला, की ब्रिटिश एअरवेज, पॅन ॲम, टीडब्ल्यूए, लुफ्थान्सा आणि इतरांनी संगनमत करून लेकरना संपवले. दावा निकालापर्यंत गेला नाही, पण १९८५ मध्ये तडजोड झाली: धनकोंना ४.८ कोटी डॉलर आणि लेकर यांना ८० लाख. हे प्रकरण मिटेपर्यंत ब्रिटिश एअरवेजचे खासगीकरण अडून राहिले होते. तिचे शेअर बाजारात आले ते फेब्रुवारी १९८७ मध्ये.