ढगातल्या वहीची किल्ली

नाशिकला रामकुंडावर बूड टेकते न टेकते तोच उपाध्ये विचारणार, "गाव कोणते? आडनाव काय?" उत्तर जुळले की बासन सुटते आणि पणजोबांची मोडीतली सही समोर येते. ज्याच्या कुळाचे पान, ते त्याच्यापुढे उघडायचे!

आता आपल्या चोपड्या ढगात गेल्या आहेत. ढग कसला, कोणाच्या तरी मालकीची यंत्रे! अॅमेझॉनने २००६ साली 'एस-थ्री' हे असले कोठार उघडले. २०१६ पासून त्याची यंत्रे मुंबईतही आहेत. कोठारातल्या कप्प्याला म्हणतात 'बकेट'. तिला एक परवानापत्र जोडता येते: कोणी, कोणत्या वस्तूचे, काय करावे, नुसते वाचावे, लिहावे की पुसावे. परवाना नसेल तर नकार. एका कलमात 'हो' आणि दुसऱ्यात स्पष्ट 'नाही' असेल, तर 'नाही'च खरे. (आमच्या आजीचे राज्य थेट असेच होते.)

२०१९ साली अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेकडची सुमारे १० कोटी अमेरिकनांची माहिती चोरीस गेल्याचे उघडकीस आले. दारावरच्या पहारेकरी यंत्राच्या मांडणीत चूक राहिली होती. त्यातून त्याच यंत्राचा परवाना चोराच्या हाती लागला, आणि त्या परवान्यावर कोठारातले कप्पे पाहण्याची व वाचण्याची मुभा लिहिलेली! दारवानाला कोठीची किल्ली हवीच कशाला होती? पुढल्या वर्षी बँकेला ८ कोटी डॉलर दंड झाला.

एप्रिल २०२३ पासून नवी बकेट जगाला उघडी करण्याची वाटच मुळात अडवलेली असते. अडसर मालकाने मुद्दाम काढावा लागतो. जुन्या बकेटींची दारे मात्र ज्याची त्याने जाऊन पाहायची.